गडाची परीक्षा

रायगडाविषयी एक आख्यायिका सांगतात. गड बांधून पुरा झाल्यावर शिवाजी महाराजांनी जाहीर केले की, दरवाजा टाळून आणि शिडी वा दोर न वापरता जो कोणी गड चढून येईल, त्यास सोन्याचे कडे व होनांची थैली मिळेल. एक मनुष्य पुढे आला. महाराजांची आज्ञा घेऊन तो कडा चढला व वर निशाण लावून हजर झाला. त्यास बक्षीस मिळाले; परंतु ज्या वाटेने तो आला, ती वाटही तत्काळ बंद करण्यात आली.

गड फितुरीने किंवा वेढ्याने जाण्यापूर्वी आपल्याच माणसाकडून त्याची परीक्षा करून घेणे, हे शहाणपण आज संगणकांच्या बाबतीतही उपयोगी पडते. मालकाच्या संमतीने त्याच्या संगणकांतील उणिवा शोधणाऱ्यास नैतिक हॅकर म्हणतात.

मानोऱ्याच्या बाजारात सोयाबीन विकून आलेला शेतकरी बँकेच्या यंत्रात कार्ड घालतो, तेव्हा ते यंत्र आपल्या मनाने पैसे देत नाही. ते दूरच्या संगणकास विचारते, ‘या खात्यात रक्कम आहे काय?’ होकार आला म्हणजेच नोटा बाहेर येतात. सारा व्यवहार या एका होकारावर उभा आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी नेमके येथेच बोट घातले. ही बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी व नावाजलेली. चोरांनी खऱ्या चौकीदाराला बाजूस सारून, जणू एक खोटा चौकीदार बसवला, आणि तो सर्वांस ‘होय, द्या’ एवढेच म्हणत राहिला. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे निघाले. १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये! तिजोरीचे कुलूप मात्र कोणी फोडले नव्हते.

ही विद्या शिकू इच्छिणाऱ्याने प्रारंभी दोन जुने संगणक तारेने एकमेकांस जोडावे आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध ठेवू नये. आपला गड आपणच बांधावा व आपणच चढून पाहावा. संगणकास ‘पोर्ट’ नावाच्या ६५,५३६ दिंड्या असतात. बहुतेक संकेतस्थळे ४४३ क्रमांकाच्या दिंडीवर उत्तर देतात. कोणत्या दिंड्या उघड्या आहेत हे पाहणे आणि नको त्या बंद करणे, हा पहिला धडा होय. कोण केव्हा आला याच्या नोंदी संगणक ठेवतो. त्या रोज वाचणे हा दुसरा. तो कंटाळवाणा आहे, म्हणूनच फार लोक तो टाळतात.

परवलीच्या शब्दाचे गणितही करून पाहावे. इंग्रजी लहान लिपीतील चार अक्षरांचे ४,५६,९७६ शब्द होतात. संगणक ते पापणी लवण्याच्या आत तपासतो. आठ अक्षरांचे मात्र २०,८८२ कोटींहून अधिक. प्रत्येक वाढीव अक्षराने चोराचे काम सव्वीस पट वाढते.

दुसऱ्याच्या संगणकावर विनापरवानगी असा प्रयोग कधीही करू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यानुसार लबाडीने असा प्रवेश करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो, तेथे संगणकाचा परवलीचा शब्द आम्ही कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला होता. सातवीतील एका मुलीने तो पाहिला. तिने संगणकास हात लावला नाही की मैत्रिणींस काही सांगितले नाही. मधल्या सुटीत ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “सर, किल्ली दारावरच लटकते आहे.” प्रथम मला रागच आला. मग तो कागद मी फाडला व नवा शब्द ठरवला. निवृत्त होताना तो मी नव्या मुख्याध्यापकांच्या कानात सांगितला. त्यांनी तो त्याच दिवशी बदलला, आणि ते योग्यच केले.