एका रेघेसाठी दहा वर्षं

आमच्या महिला मंडळातर्फे दर रविवारी मुलांचा चित्रकलेचा वर्ग चालतो. परवा तिथे आठवीतली एक मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. फांदीची रेघ मनासारखी येईना, म्हणून तिने चार कागद टराटरा फाडून टाकले. तिला न्यायला आलेली आई म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, ही अजून रेघाच ओढतेय. चित्र कधी काढायला शिकणार?" त्या माउलीला काय सांगावं ते तेव्हा सुचलं नाही. घरी आल्यावर मात्र फाबिएन व्हर्दिए या फ्रेंच चित्रकर्तीची गोष्ट आठवली. मैत्रिणींनो, तीच आज तुम्हाला सांगते.

फाबिएनचा जन्म १९६२चा, पॅरिसचा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण तिने दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात घेतलं. पण तिला ओढ लागली होती ती चिनी कुंचल्याची. शिक्षण संपवून विशीच्या उंबरठ्यावरची ही मुलगी एकटीच चीनमध्ये गेली. तीही बीजिंग किंवा शांघायला नव्हे, तर दूर आत, सिचुआन प्रांतातल्या चोंगचिंगला. यांगत्से आणि जियालिंग या दोन नद्यांच्या संगमावरचं हे शहर. उन्हाळ्यात भट्टीसारखं तापणारं, हिवाळ्यात धुक्यात बुडालेलं.

काळही सोपा नव्हता. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत जुनं ते सगळं टाकाऊ ठरवलं गेलं होतं. जुनी चित्रं जाळली गेली, जुन्या कलावंतांची भर चौकात मानहानी झाली. फाबिएन पोचली तेव्हा हे वादळ शमलं होतं, पण धाक गेला नव्हता. परदेशी मुलीशी कोण बोलतं, तिच्याकडे कोण येतं-जातं, यावर लक्ष असे. थंडी, ओल, जेवणाचे हाल आणि बोलायला आपलं माणूस नाही. आपली मुलगी साधी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात राहायला गेली तरी आपला जीव खालीवर होतो. तिच्या आईचं काय झालं असेल!

जी विद्या शिकायला ती गेली होती, तीच तिथे धड शिकवली जात नव्हती. जाणकार होते, पण गप्प होते. त्यांतलेच एक हुआंग युआन. सुलेखनाचे आणि चित्रकलेचे उस्ताद. त्या दहा वर्षांत त्यांनीही पुष्कळ सोसलं होतं आणि कुंचला बाजूला ठेवून दिला होता. शिकवायला ते तयार होईनात. मग या पोरीने काय करावं? रोज सराव करायचा आणि तो कागद गुंडाळून त्यांच्या दाराशी ठेवून यायचा. महिन्यामागून महिने तिचा हा क्रम चालला. शेवटी एक दिवस गुरुजींनी तिला होकार दिला, पण अट घातली : शिकायचं तर दहा वर्षं, नाही तर मुळीच नाही.

आणि पहिला धडा कोणता? आडवी रेघ! चिनी लिपीत 'एक' हा आकडा म्हणजे एक आडवी रेघच. महिनोन् महिने तिने ती एकच रेघ गिरवली.

तुम्ही म्हणाल, रेघेत एवढं काय आहे? चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वडी. आपण सहाणेवर चंदन उगाळतो ना, तशीच ती दगडावर पाणी घालून उगाळायची. कुंचला शेळीच्या किंवा मुंगसासारख्या एका प्राण्याच्या केसांचा, टोकाला अगदी निमुळता. तो सरळ उभा धरायचा. कोपर टेकवायचं नाही. हात खांद्यापासून हलला पाहिजे. कागद टीपकागदासारखा शोषून घेणारा. क्षणभर थबकलात की शाई फुटलीच, आणि घाई केलीत तर रेघ कोरडी. सुरुवातीला टोक उलट दिशेने दाबून वळवायचं, मधे हात किंचित उचलायचा, शेवटी थांबून टोक आत परतवायचं. खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही. मन थाऱ्यावर नसलं तर ते कागदावर लगेच दिसतं. शिताओ नावाच्या सतराव्या शतकातल्या चिनी चित्रकार भिक्षूने तर सांगून ठेवलंय की सगळी चित्रकला एका रेघेतून जन्माला येते.

आपल्यासाठी आणखी एक गंमत सांगते. चीनमधला सर्वांत थोर सुलेखनकार म्हणजे चौथ्या शतकातला वांग शिझी. त्याला पहिले धडे दिले ते वेई बाईंनी, असं परंपरा सांगते. म्हणजे या घराण्याच्या मुळाशी एक स्त्री आहेच.

फाबिएनला या शिक्षणाची किंमत मोजावी लागली. ती फार आजारी पडली, एकटेपणाने खचली. तरी १९८९ मध्ये तिने तिथल्या कलासंस्थेचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मायदेशी परतली. या सगळ्या वर्षांची हकीकत तिने २००३ मध्ये पुस्तकरूपात लिहिली. फ्रान्समध्ये ते खूप वाचलं गेलं.

परतल्यावर तिने काय केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गुरूची नक्कल करत बसली असती तरी लोकांनी कौतुक केलं असतं. पण तिने पॅरिसजवळच्या आपल्या चित्रशाळेत छताला टांगलेला प्रचंड कुंचला बनवून घेतला, ३५ घोड्यांच्या शेपट्यांच्या केसांचा! पुढे तर त्याचा दांडाच कापून टाकला आणि तिथे सायकलचं हँडल बसवलं. कापड जमिनीवर अंथरलेलं असतं. ती त्यावर उभी राहून दोन्ही हातांनी हँडल धरते आणि सगळं अंग झोकून एक रेघ ओढते. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या संग्रहालयात जुन्या फ्लेमिश चित्रांशेजारी तिची चित्रं लागली. २०१७ मध्ये एका नामांकित फ्रेंच शब्दकोशाच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीसाठी तिने २२ चित्रं काढली. पण कुंचला आजही उभाच असतो आणि हात खांद्यापासूनच हलतो. गुरूने दिलेलं तिने टाकलं नाही, त्यात स्वतःचं घातलं.

आपल्याकडे आठ दिवसांत इंग्रजी, दहा दिवसांत मेंदी आणि एका सुट्टीत नृत्य शिकवण्याच्या जाहिराती असतात. मूल महिन्याभरात स्टेजवर दिसलं नाही की आपण क्लास बदलतो. मी स्वतःच्या मुलाच्या तबल्याच्या बाबतीत हेच केलं. सहा महिन्यांत तीन क्लास झाले आणि शेवटी तबला माळ्यावर गेला. आज वाटतं, त्याला बोल घोटायला थोडा वेळ द्यायला हवा होता.

सगळ्यांनी दहा-दहा वर्षं एकाच गोष्टीला द्यावीत, असं माझं म्हणणं नाही. संसारात ते जमत नाही, हे तुम्ही-मी जाणतोच. पण मूल एखाद्या गोष्टीत रमलं असेल, तर निदान "चित्र कधी येणार" हा प्रश्न काही दिवस गिळून टाकायला काय हरकत आहे?

येत्या रविवारी त्या आईला मी ही गोष्ट सांगणार आहे. आणि मुलीला सांगणार आहे, "बाळा, कागद फाडू नकोस. मागे तारीख घाल आणि नीट जपून ठेव. दिवाळीनंतर आपण दोघी काढून बघू."