पिठल्याचं रेडी मिक्स : दिव्यातून सुरू करता येईल असा घरगुती व्यवसाय



रात्री नऊची लोकल. दिवा स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाला घरी जाऊन भाजी चिरायचा कंटाळा आलेला असतो. त्याला दहा मिनिटांत गरम पिठलं मिळालं तर? हाच तुमचा ग्राहक.

पिठाचं कालवण ही फक्त आपलीच गोष्ट नाही बरं का. इथिओपियात हरभऱ्याच्या मसाला घातलेल्या पिठाचं दाटसर कालवण करतात, त्याला ‘शिरो’ म्हणतात. तिखट नको असेल तर त्यात लाल ‘बेरबेरे’ मसाला घालत नाहीत. आपल्याकडे कोकणातून येणारा चाकरमानी पिशवीतून कुळथाची पिठी आणतोच. म्हणजे लोकांना चव माहीत आहे, फक्त सोय विकायची आहे.

मिक्स कसं करायचं?

हरभरा डाळ मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण गार करा आणि मगच दळा. भाजल्याने कच्चट वास जातो आणि ओलावा कमी होतो. मीठ, हळद, जिरे-धणे पूड आणि सुक्या लसणाची पूड घाला. ओला लसूण, कांदा, कोथिंबीर अजिबात नको, पीठ खराब होईल. गरम पीठ पाकिटात भरलं तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात, बुरशी येते.

तिखट कमीच ठेवा. कमी तिखटात ग्राहक मिरची वाढवू शकतो, जास्त झालेली काढू शकत नाही. लहान मुलं आणि आजी-आजोबा खाऊ शकले, तर पाकीट घरात पुन्हा येतं.

पाकिटावर कृती छापा : ‘आधी गार पाण्यात कालवा, मग फोडणीत ओता.’ उकळत्या पाण्यात पीठ टाकलं की गुठळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. ग्राहक मात्र दोष तुमच्या मिक्सला देतो.

आता हिशोब

समजा, १०० ग्रॅमच्या पाकिटाला माल, दळण, गॅस मिळून १६ रुपये लागले. पाऊच आणि लेबल ५ रुपये. झाले २१. एमआरपी ४० ठेवली आणि दुकानदाराला २० टक्के दिले, तर तुमच्या हातात ३२. म्हणजे ११ रुपये नफा?

थांबा. तुमची मजुरी कुठे आहे?

५० पाकिटांना चार तास लागले आणि तासाचे ७५ रुपये धरले, तर पाकिटामागे ६ रुपये मजुरी. खरा नफा ५ रुपयेच. प्रवास आणि न खपलेली पाकिटं यातूनच निघायची. उद्या दुकानदार म्हणाला, “ताई, अजून ५ रुपये सोडा,” आणि तुम्ही ‘६ तर उरतात’ म्हणून हो म्हणालात, तर धंदा शून्य नफ्यावर आला. घरच्या बाईचे कष्ट फुकट धरले, की धंदा चाललेला दिसतो, पण वाढत नाही.

विकण्याआधी

एफएसएसएआयची नोंदणी करा. लेबलवर १४ अंकी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, मुदत आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. मुदत अंदाजाने लिहू नका. काही पाकिटं बाजूला ठेवा, दर १५ दिवसांनी एक फोडा, वास बघा, शिजवून खा.

या आठवड्यात एकच किलो करा. दहा पाकिटं दहा घरांत द्या, पण फुकट नको, पैसे घेऊन द्या. पंधरा दिवसांनी किती जण स्वतःहून पुन्हा मागतात, ते वहीत लिहा. मोठी ऑर्डर घ्यायची की नाही, हे तो आकडाच सांगेल.