खाऱ्या हवेतील वाहने आणि रोजची पाहणी

न्हावा व शेवा या गावांच्या नावाने ओळखले जाणारे उरण तालुक्यातील बंदर १९८९ साली सुरू झाले. जवाहरलाल नेहरू बंदर हे त्याचे अधिकृत नाव होय. जहाजांतून उतरलेले कंटेनर, म्हणजे मालाचे प्रचंड पोलादी पेटारे, घेऊन जाणाऱ्या ट्रेलरांची रीघ तेथील रस्त्यांवर रात्रंदिवस चालू असते. त्याच परिसरातील मुले पायी, सायकलीने वा भाड्याच्या वाहनाने शाळेत ये-जा करतात. अशा ठिकाणी ट्रेलरचे ब्रेक लागतात की नाही, हा प्रश्न केवळ वाहनमालकाचा राहत नाही. म्हणून वाहनांची निगा कशी राखली जाते, याची माहिती प्राथमिक शिक्षकांना असणे इष्ट आहे.

मोडल्यावर जोडणे ही दुरुस्ती. मोडू नये म्हणून वेळीच पाहणे ही देखभाल. ज्याच्याकडे अनेक वाहनांचा ताफा सोपविलेला असतो, अशा अनुभवी मेकॅनिकचे निम्मे काम पाना हाती घेण्यापूर्वीच झालेले असते. वाहन सुटण्यापूर्वी तो त्याभोवती एक फेरी मारतो, खाली वाकून पाहतो आणि जमिनीवर तेलाचा वा पाण्याचा डाग दिसल्यास तो कोठून आला याचा शोध घेतो. बहुतेक बिघाड एका दिवसात होत नाहीत. ते आपली खूण आधी दाखवितात. ती खूण ओळखणे हेच या विद्येचे मर्म होय.

गंज : लोखंड, हवेतील प्राणवायू व पाणी यांच्या संयोगाने गंज चढतो. पाण्यात मीठ विरघळलेले असले म्हणजे ही क्रिया अधिक वेगाने घडते. त्यामुळे समुद्रकाठच्या वाहनांना गंजाचा उपद्रव फार. वाहन गोड्या पाण्याने, विशेषतः खालच्या बाजूने, वरचेवर धुणे, जेथे रंग उडाला असेल तेथे तो त्वरित लावणे आणि सांध्यांना ग्रीस देणे हे त्यावरील उपाय होत. दिवा मंद लागत असेल तर दोष पुष्कळदा दिव्यात नसतो. तो गंजलेल्या जोडणीत असतो. कंटेनर ट्रेलरवर चार कोपऱ्यांतील फिरत्या कुलपांनी जखडलेला असतो. गंजामुळे एखादे कुलूप अडकून नीट बसले नाही, तर वळणावर कंटेनर कलंडण्याचा धोका असतो. म्हणून चारही कुलपे हाताने फिरवून पाहावी लागतात.

ब्रेक : अवजड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनाच्या शक्तीने चालणारा कॉम्प्रेसर ही हवा टाकीत भरतो. हवेत बाष्प असतेच; दाबलेली हवा थंड झाली की त्याचे पाणी होऊन ते टाकीच्या तळाशी साचते. किनाऱ्यावरील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, हे प्रमाण वाढते. साचलेले पाणी टाकीतील हवेची जागा व्यापते आणि झडपा गंजवते. यास्तव टाकीच्या तळाची तोटी उघडून पाणी रोज काढून टाकावे. नव्या वाहनांत हवा कोरडी करणारे साधन असते. तरीही पाणी येत राहिले, तर ते साधन निकामी होत चालले आहे असे समजावे. नळीतून हवा गळत असल्याची शंका आल्यास तेथे साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले की गळती सापडली.

बंदरातून पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांना बोरघाट ओलांडावा लागतो. परतताना उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास तो अतिशय तापतो, घर्षण कमी होते आणि ऐन वेळी ब्रेक लागेनासा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक याच कारणास्तव आहे. त्यामुळे इंजिनच वाहनाला आवरून धरते आणि ब्रेकवरील भार हलका होतो.

टायर व इंजिन : टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी आणि एकाच कडेला झिजला असेल तर चाकांची सरळ रेषा बिघडलेली, असे सामान्यतः समजावे. हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा. चाकाच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट सैल झाल्याचा संशय घ्यावा. चाक बदलल्यावर थोडे अंतर जाऊन नट पुन्हा आवळावेत. इंजिनातील तेल वाहन सपाट जागी उभे करून व इंजिन बंद ठेवून तपासावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे जाणावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उकळते पाणी उसळून गंभीर भाजण्याचा संभव असतो.

शाळेतील उपयोग : हा विषय वर्गात आणण्यास मोटारीची गरज नाही. तीन खिळे घ्यावेत. एक साध्या पाण्यात व दुसरा मिठाच्या पाण्यात ठेवावा, तिसरा तेल लावून मिठाच्याच पाण्यात ठेवावा. आठवडाभर रोज निरीक्षण करून मुलांनी ते वहीत नोंदवावे. तळहात एकमेकांवर घासले की घर्षणाने निर्माण होणारी उष्णता मुलांना तत्काळ कळते. घाटातील ब्रेकची गोष्ट तेथे सांगावी.

आठवड्यातून एकदा शाळेत येणाऱ्या सायकलींची पाहणी मुलांकडूनच करवावी. दोन्ही ब्रेक, टायरमधील हवा, साखळीचे तेल, घंटी आणि मागील परावर्तक या पाच गोष्टी पुरेत. साखळीला दिलेले तेल चाकाच्या कडेवर सांडू देऊ नये. तेथे ते लागल्यास ब्रेक घसरतो. जी सायकल सदोष आढळेल तिची दुरुस्ती होईपर्यंत मुलास ती चालवू देऊ नये व पालकांना तसे कळवावे. मुलांना आणणाऱ्या वाहनाचे टायर गुळगुळीत झालेले दिसल्यास मुख्याध्यापकांनी चालकास व पालकांस वेळीच सूचना द्यावी.

यासोबत एक सूचना मुलांना वारंवार द्यावी. ट्रेलरच्या अगदी पुढे, मागे व डाव्या कुशीला असलेले मूल चालकास बहुधा दिसत नाही. ब्रेक उत्तम असले तरी न दिसलेल्या मुलासाठी ते दाबले जात नाहीत. म्हणून उभ्या ट्रेलरला खेटून जाऊ नये आणि त्याच्या आडून रस्ता ओलांडू नये.

या शाळांतून शिकलेल्या मुलांपैकी काही उद्या चालक वा मेकॅनिक होतील. निघण्यापूर्वी एकदा नीट पाहण्याची सवय त्यांना सायकलीपासून लागली, तर ती पुढे ट्रेलरपर्यंत टिकेल.