मुलींच्या पोटातील अचानक कळ : अंडाशयाला पडलेला पीळ

मुलीच्या पोटात दुखू लागले की आपल्या घरांत आधी ओवा निघतो, मग गरम पाण्याची पिशवी, आणि शेवटी ‘पाळी यायची असेल’ असे निदान होते. बहुधा ते खरेही ठरते. परंतु ओटीपोटात एका बाजूस एकाएकी तीव्र कळ आली आणि सोबत उलट्या सुरू झाल्या, तर अंडाशयाला पीळ पडला असण्याची शक्यता पालकांनी ध्यानी घ्यावी, असे आम्हांला वाटते.

अंडाशय बंधांच्या आधाराने सैलसर लटकलेले असते. ते स्वतःभोवती फिरले की प्रथम रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात, अंडाशय सुजते आणि पुढे रक्तपुरवठाच खुंटतो. बहुतेकदा गाठीच्या भाराने असे घडते. मात्र लहान मुलींत हे बंध लांब असल्याने निरोगी अंडाशयही पिळले जाते. उजवीकडे हे अधिक आढळते, म्हणून अपेंडिक्सचा संशय येतो. पीळ कधी आपोआप सैल होतो व वेदना थांबते. अशा वेळी तपासणी टाळणे धोक्याचे आहे. लहानगी तर दुखरी जागाही नेमकी दाखवू शकत नाही.

सोनोग्राफी पोटावरूनच करतात; त्यासाठी मूत्राशय भरलेले असावे लागते. दोन्ही अंडाशयांच्या आकारांतील तफावत हा महत्त्वाचा पुरावा होय. डॉप्लर तपासणीत रक्तप्रवाह दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये. अंडाशयाला दोन धमन्यांतून रक्त मिळते, त्यामुळे पीळ असूनही प्रवाह दिसू शकतो. रक्ततपासणीतही या विकाराची खात्रीची खूण नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने 2019 साली किशोरींविषयी दिलेल्या मतात केवळ डॉप्लरवर विसंबू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. पक्के निदान दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच होते, आणि उपचारही तेव्हाच.

कळ किती वाजता सुरू झाली, उलट्या किती झाल्या, पूर्वी असे दुखले होते काय, हे डॉक्टरांना सांगावे. भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने तपासणीपूर्वी मुलीस खाऊ घालू नये. पाळीविषयी मुलीशी बोलण्याचा संकोच आईनेही येथे बाजूस ठेवावा.

काळेनिळे पडलेले अंडाशय मेलेच, असे पूर्वी समजत व ते काढून टाकीत. पीळ सोडवल्यावर असे अंडाशय पुष्कळदा पुन्हा कार्य करू लागते, हे आता ज्ञात आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचवता येईल काय, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे.