प्रवेशाची शक्यता कशी जोखायची?

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या मुलीला बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचे असेल, तर तिची शक्यता बऱ्यापैकी सांगता येते. राज्याचा सीईटी सेल प्रत्येक कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीचा कटऑफ महाविद्यालय, शाखा आणि प्रवर्गानुसार जाहीर करतो. आपले पर्सेंटाइल गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवले की अंदाज येतो. पुण्याचे फ्लेम किंवा सोनीपतचे अशोका यांसारख्या खासगी विद्यापीठांना हा हिशेब लागू पडत नाही. तिथे गुणांसोबत प्रवेश परीक्षा, निबंध आणि मुलाखतही पाहतात. ‘शंभर अर्जांमागे इतके प्रवेश’ या गुणोत्तरातून संस्थेतली चुरस कळते, एका मुलीचे भवितव्य कळत नाही. कुणी समुपदेशक तिला शक्यतेची नेमकी टक्केवारी सांगू लागला, तर त्यावर विसंबू नये.

मुलाखत शहरी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या सोयीची, मग अर्ज कशाला, असा आक्षेप घेतला जातो. इंग्रजीची अडचण खरीच आहे. पण उन्हाळ्यात वाडीतली विहीर कधी आटते आणि मग पाणी कुठून येते, हे तिने नोंदी ठेवून लिहिले, तर तो निबंध कुठल्याही शिकवणीत तयार होणारा नसतो. इंग्रजीहून कडक चाळणी फीची. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ मध्ये मिळालेली पूर्ण शुल्कमाफी अशा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांत चालत नाही. म्हणून प्रवेश आणि अर्थसाहाय्य या दोन शक्यता वेगवेगळ्या मोजाव्यात. बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ कुटुंबाची ऐपत पाहून सवलत देते. तिथे अर्ज करायचा तर कर्जत तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.