पडदा कोणाच्या ताब्यात?

लेखमाला : महोत्सवांच्या गावा (लेखांक ७)

कान, व्हेनिस आणि बर्लिन या युरोपातल्या महोत्सवांची ओळख आपण गेल्या काही लेखांकांत करून घेतली. या आठवड्यात भूमध्य समुद्र ओलांडून ट्युनिसला जाऊ. इथला कार्थेज चित्रपट महोत्सव १९६६ साली सुरू झाला. पहिली अनेक वर्षं तो एक वर्षाआड भरायचा, २०१४ नंतर दरवर्षी भरू लागला. त्याच्या मुख्य स्पर्धेत फक्त आफ्रिकी आणि अरब चित्रपटांना प्रवेश असतो. हा नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला संकुचित वाटेल. तो का करावा लागला हे समजलं की महोत्सवच समजतो.

थोडं मागे जाऊ. १९३४ साली फ्रान्सने आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी एक हुकूम काढला. वसाहतीत चित्रण करायचं तर सरकारची परवानगी हवी आणि त्यासाठी पटकथा आधी दाखवायला हवी. पॅरिसच्या चित्रपट संस्थेत रीतसर शिकून बाहेर पडलेल्या पोलें सुमानू व्हिएरा यांनाही आफ्रिकेत चित्रण करू दिलं गेलं नाही. मग १९५५ साली त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी आफ्रिकी माणसांवरचा लघुपट पॅरिसमध्येच केला. आपल्या माणसांची गोष्ट सांगायला परक्याच्या राजधानीचे रस्ते वापरावे लागले, याहून मोठा अन्याय कोणता?

पुढे देश स्वतंत्र झाले, पण चित्रपटगृहं झाली नाहीत. फ्रेंच भाषक पश्चिम आफ्रिकेत वितरणाचा सगळा धंदा मुख्यतः दोन फ्रेंच कंपन्यांच्या हातात होता. कोणत्या गावात कोणता चित्रपट लागणार हे त्या ठरवत. बाहेरचे जुने चित्रपट त्यांना स्वस्तात गठ्ठ्याने मिळत. मग एखाद्या सेनेगाली दिग्दर्शकाचा चित्रपट त्या कशाला विकत घेतील? आफ्रिकेतल्या पडद्यांवर हॉलिवूडचे आणि फ्रेंच चित्रपट तर होतेच, शिवाय आपल्या मुंबईत तयार झालेले हिंदी चित्रपटही होते. उत्तर नायजेरियात ‘मदर इंडिया’ कित्येक दशकं लोकांनी पुन:पुन्हा पाहिला. आपल्याला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. पण तिथल्या दिग्दर्शकाच्या बाजूने पाहिलं तर पडदा अडवून बसलेल्यांमध्ये आपणही होतो. मराठी चित्रपटाला आपल्याच शहरात सोयीची वेळ मिळत नाही म्हणून तळमळणाऱ्या वाचकाला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

ताहर शेरिया हा माणूस नेमका इथे उभा राहिला. फिल्म सोसायटी चळवळीत घडलेले शेरिया ट्युनिशियाच्या सांस्कृतिक खात्यात चित्रपट विभागाचे प्रमुख होते. वितरण ज्याच्या मुठीत, चित्रपटसृष्टी त्याच्या मुठीत, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आफ्रिकी चित्रपट आफ्रिकी प्रेक्षकांसमोर यावा, दिग्दर्शकांनी एकमेकांना भेटावं, संघटित व्हावं, यासाठी त्यांनी कार्थेजचा महोत्सव उभा केला. प्राचीन कार्थेजच्या तानित देवीचं नाव पुरस्काराला दिलं.

पहिला सुवर्ण तानित मिळाला सेनेगालच्या उस्मान सेंबेन यांच्या ‘ब्लॅक गर्ल’ला. डाकारची द्युआना एका फ्रेंच कुटुंबाकडे कामाला लागते. खुशीत येऊन ती मालकिणीला एक लाकडी मुखवटा भेट देते. त्या घरात असे बरेच मुखवटे असतात, त्यात हाही एक होऊन जातो. पुढे मालक तिला फ्रान्सला नेतात. तिथल्या घरात पांढऱ्या भिंतीवर तोच मुखवटा एकटा टांगलेला आहे आणि द्युआना स्वयंपाकघरापलीकडे काहीच पाहू शकत नाही. मालकीण ओरडते, पाहुणे तिच्याकडे वस्तूसारखं बघतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो फक्त तिच्या मनातला आवाज. तासाभराचा हा कृष्णधवल चित्रपट वसाहतवादावरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा जास्त सांगून जातो, असं माझं ठाम मत आहे.

१९७२ साली सुवर्ण तानित विभागून दिला गेला. त्यातला एक चित्रपट होता सारा माल्दोरोर यांचा ‘सांबिझांगा’. अंगोलाचा पोर्तुगिजांविरुद्धचा लढा तेव्हा चालूच होता. चित्रपटातली मारिया पाठीला मूल बांधून एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर, अटक झालेल्या नवऱ्याचा शोध घेत चालत राहते. युद्ध संपण्याआधी, एका बाईच्या दिग्दर्शनाखाली, एका बाईच्या पायांनी सांगितलेली ही स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट.

आज महोत्सव पुरस्कारांपुरता उरलेला नाही. ‘तकमील’ नावाच्या उपक्रमात अर्धवट राहिलेल्या चित्रपटांना हात दिला जातो. चित्रण झालंय, पण ध्वनी आणि रंगसंस्कारासाठी पैसे नाहीत, अशा टप्प्यावर कितीतरी चित्रपट मरतात. तिथे मिळालेली मदत झगमगत्या सोहळ्यापेक्षा मोलाची असते. महोत्सवाचे खेळ ट्युनिशियाच्या तुरुंगांतही होतात आणि कैदी चित्रपटाबद्दल बोलतात.

आणि प्रेक्षक! २४ नोव्हेंबर २०१५ रोजी, ऐन महोत्सवात, ट्युनिसच्या मध्यवस्तीत राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षारक्षकांच्या बसवर आत्मघाती हल्ला झाला. बारा रक्षक ठार झाले, रात्रीची संचारबंदी लागली. महोत्सव गुंडाळला असता तरी कुणी दोष दिला नसता. पण आयोजकांनी खेळांच्या वेळा अलीकडे आणल्या आणि महोत्सव चालू ठेवला. लोक चित्रपटगृहांत आले. उलट २०२३ साली गाझातल्या युद्धामुळे सरकारने महोत्सव ऐन तोंडावर रद्द केला. तो निर्णय मला पटला नाही. पॅलेस्टाइनच्या चित्रपटांना कार्थेजने नेहमीच जागा दिली होती आणि त्या वर्षी ती सगळ्यात जास्त हवी होती. २०२४ च्या डिसेंबरात महोत्सव पुन्हा भरला.

काही वर्षांपूर्वी सुवर्ण तानित टांझानियाच्या अमिल शिवजी यांच्या ‘वुटा न्कुवुटे’ला मिळाला. ब्रिटिश अमलाखालच्या झांझिबारमध्ये नको असलेल्या लग्नातून पळालेली भारतीय वंशाची यास्मिन आणि एक तरुण क्रांतिकारक यांची ही कथा आहे. हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावर आपली माणसं कशी जगली, हे आपल्या चित्रपटांनी फारसं दाखवलेलं नाही. ते एका आफ्रिकी चित्रपटाने दाखवलं.

‘ब्लॅक गर्ल’ची जतन-संस्कार केलेली उत्तम प्रत आता उपलब्ध आहे. फिल्म सोसायटी चालवणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की या वर्षीच्या एका खेळासाठी ती मिळवा. पुण्या-गोव्याच्या महोत्सवाला जाणाऱ्यांनी वेळापत्रकात सेनेगाल, चाड, ट्युनिशिया अशी नावं दिसली तर तो खेळ चुकवू नये. पुढच्या आठवड्यात आपण बुर्किना फासोच्या वागाडुगूला जाणार आहोत. तिथल्या सरकारने १९७० साली चित्रपटगृहं थेट ताब्यात घेतली होती.