अर्ध्यात तुटणारी फाइल

परीक्षेच्या आदल्या दिवशी कन्नड-सिल्लोडकडचा विद्यार्थी मोबाइलवर हॉलतिकीट उतरवतो आणि पीडीएफ उघडतच नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या महाविद्यालयात फोन लावला, की उत्तर ठरलेले: सर्व्हर डाउन आहे. पुष्कळदा तो डाउन नसतोच. बिघाड दोन सर्व्हरांमधल्या देवाणघेवाणीत असतो.

दारात उभा असतो वेब सर्व्हर. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला एंजिनएक्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मागे असतो टॉमकॅटसारखा ॲप्लिकेशन सर्व्हर. विद्यार्थी कोण, हॉलतिकीट त्याचेच का, हे तो ठरवतो. छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीसाठी डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले होते. चक्की थांबली म्हणजे झरा आटला असे होत नाही; पाणी कुठे अडले ते पाहावे लागते. इथेही शोध तसाच घ्यायचा.

सर्वांत फसवा बिघाड असा: छोट्या फाइली नीट येतात, मोठ्या तुटतात. मागून आलेला मजकूर एंजिनएक्स आधी मेमरीतल्या काही किलोबाइटांच्या जागेत ठेवतो. उतरवणाऱ्याचे नेट मंद असेल आणि ती जागा भरली, तर उरलेला मजकूर डिस्कवरच्या तात्पुरत्या फोल्डरात जातो. त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगीच नसेल तर फाइल तिथेच संपते. प्रवेशाच्या नोंदीत मात्र २०० हा यशाचा आकडा दिसतो. खरे कारण त्रुटींच्या लॉगमध्ये एका ओळीत लिहिलेले असते: परवानगी नाकारली. कार्यालयातल्या वेगवान नेटवर हा दोष बहुधा दिसत नाही, म्हणून गावाकडच्या मुलाची तक्रार खोटी वाटते. हे मला फार अन्यायाचे वाटते.

बाकीचे आकडे सरळ बोलतात. ४१३ म्हणजे पाठवलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी. एंजिनएक्सची मूळ मर्यादा अवघी १ मेगाबाइट, त्यामुळे स्कॅन केलेली गुणपत्रिका सहज अडकते. ५०२ म्हणजे मागच्याकडून धड उत्तर आले नाही. ५०४ म्हणजे वाट पाहून वेळ संपली. मूळ मुदत ६० सेकंदांची.

मराठी नावांचा प्रश्न वेगळा आहे. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, आणि लिनक्सवर फाइलचे नाव साधारणपणे २५५ बाइटांपुरतेच; म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे. शिवाय टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीआधी फाइलचा वेबपत्ता मुळात यूटीएफ-८ म्हणून वाचला जात नसे. नाव बिघडते आणि समोर असलेली फाइल ४०४ होते.

माझ्या मते उत्तम रचना एकच. परवानगी मागच्याने तपासावी आणि फाइल दारातल्याने द्यावी. मागचा फक्त एक हेडर, म्हणजे उत्तरासोबतची छोटी सूचना, पाठवून फाइलची जागा सांगतो. मात्र अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या मॉड्यूलचा हेडर एक्स-सेंडफाइल, तर एंजिनएक्सचा एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट. एकाचा दुसऱ्याला दिला तर विद्यार्थ्याच्या हाती शून्य बाइटांची फाइल पडते.

महाविद्यालयांना विनंती एवढीच: हॉलतिकिटे खुली करण्यापूर्वी सर्वांत मोठी फाइल मंद मोबाइल नेटवर पूर्ण उतरवून पाहा, आणि 'सर्व्हर डाउन' म्हणण्याआधी दोन्ही सर्व्हरांचे लॉग त्याच मिनिटाशी जुळवून वाचा.